स्लॅलम वॉटर स्की: नवी स्की ट्यून कशी करतात?

मी मूळचा राहुरीचा, सध्या नोकरीनिमित्त फ्लोरिडात. इथे वॉटर स्कीइंगचं वेड आहे आणि ते मलाही लागलं. रील्समध्ये एकाच फळीवर उभं राहून बोटीमागे झपाझप वळणं घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तीच ही स्लॅलम स्की. नवी स्की महाग असते आणि पेटीतून काढल्या काढल्या ती तुम्हाला नीट बसेलच असं नाही.

आधी खेळ समजून घ्या. कोर्स २५९ मीटर लांब, वळायला सहा बोये, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किमी, महिलांसाठी ५५. म्हणजे जेमतेम सोळा सेकंदांत सगळा खेळ खल्लास! जमलं की दोर १८.२५ मीटरवरून टप्प्याटप्प्याने आखूड करतात. तो ११.२५ वर आला की बोयापेक्षा दोरच कमी पडतो, उरलेलं अंतर शरीर ताणून गाठायचं.

खरी गंमत फिनमध्ये

स्कीच्या शेपटीखाली शार्कच्या परासारखी धातूची पट्टी असते, ती फिन. तिची खोली, लांबी आणि शेपटीपासूनचं अंतर, ही तीन मापं महत्त्वाची. फिन खोल केली की शेपटी पाण्यात घट्ट धरते, वर घेतली की सैल सरकते. फिन पुढे सरकवली तर स्कीचं टोक जास्त पाण्यात बसतं आणि वळण आवळतं. फिनवरची छोटी विंग म्हणजे बोयाआधी वेग मारणारा ब्रेक. पायाचे बूट पुढे घेतले तरी वळण चटकन होतं, पण फार पुढे गेलात तर तोंडावर आपटाल. ५५ च्या वेगाने पाणी मऊ नसतं बरं का!

माझ्या नव्या स्कीची शेपटी एका बाजूच्या वळणात सटकत होती. मी फिन फक्त ०.०१ इंच खोल केली, म्हणजे पाव मिलिमीटर. दोन फेऱ्यांतच फरक जाणवला. पण फिन तिरकी बसवलेली असते, त्यामुळे एक माप हलवलं की बाकीची दोनही थोडी हलतात. म्हणून स्क्रू आवळल्यावर तिन्ही मापं परत घ्यायची. आयटीआयवाल्या पोरांना व्हर्नियर माहीतच आहे, इथे त्याचाच खास प्रकार लागतो.

माझा नियम साधा आहे. कंपनीची मूळ मापं आधी फोनमध्ये टिपून ठेवायची, एका वेळी एकच बदल करायचा आणि वेग व दोर तोच ठेवून निदान चार-पाच फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीवरून निकाल लावू नका.

फोन बोटीच्या खांबाला बांधून २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. शेपटी नेमकी कुठे सुटते ते लगेच दिसतं. फोनच्या जीपीएसवर मात्र विसंबू नका. तो साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो, तेवढ्यात बोट सोळा मीटर पुढे गेलेली असते.

दुसऱ्याची मापं जशीच्या तशी उचलणंही मला पटत नाही. १० अंशांच्या पाण्यापेक्षा २५ अंशांच्या पाण्याचा चिकटपणा जवळपास एक-तृतीयांशाने कमी असतो. थंड तळ्यावर जमलेली सेटिंग गरम पाण्यात वेगळी वागते.

मुळा धरणावर चालेल का?

गावी आलो की हा प्रश्न हमखास येतो. पाणी भरपूर दिसतं, पण आवर्तन सुटलं की पातळी उतरते आणि काल खोल असलेल्या जागी आज खडक असू शकतो. बोयांचे नांगरदोरही पातळीनुसार परत बांधावे लागतात. त्यात जलसंपदा विभागाची परवानगी, लाइफ जॅकेट आणि बोटीत मागे बघणारा दुसरा माणूस, यातलं एक जरी नसेल तर स्की गाडीतच राहू द्या.