हाक आली, पण कोठून?

परवा वर्गात पत्रलेखन शिकवीत होतो. एका मुलाने पत्त्याचा कोपरा कोराच सोडला आणि वर मलाच विचारले, "सर, फोन केला तर पत्ता कुठे लिहावा लागतो?" वर्ग हसला. मला मात्र कॅनडातील एक हकीकत आठवली.

एक कुटुंब मिसिसॉगाहून कॅलगरीला राहावयास आले. सामानाबरोबर इंटरनेटवर चालणारा दूरध्वनीही आला. २००८ च्या एप्रिलात घरातले दीड वर्षाचे मूल अत्यवस्थ झाले. घरच्यांनी ९११ फिरवला. रुग्णवाहिका निघाली, पण मिसिसॉगातल्या जुन्या घराकडे! दोन शहरांत अंतर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून हाक दिली, तेव्हा कुठे काही मिनिटांत गाडी दारात आली. मूल वाचले नाही. कंपनीच्या दप्तरात पत्ता जुनाच राहिला होता.

वाचकहो, या घटनेमागे मोठा इतिहास आहे. १९३५ साली लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेत ताटकळला. त्याने 'टाइम्स'ला संतापून पत्र लिहिले. त्यानंतर ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलिव्हिल या लहानशा गावी झाला.

पुढे तिकडे अशी सोय झाली, की फोन येताच त्याचा क्रमांक आणि त्यावरून घराचा पत्ता कर्मचाऱ्यासमोर उमटावा. हे साधले, कारण तांब्याची तार एकाच घराला बांधलेली असे. बोलणाऱ्याची वाचा बसली तरी तार त्याचे घर सांगे.

इंटरनेटच्या दूरध्वनीने ही गाठ सोडली. क्रमांक एका लहानशा पेटीबरोबर फिरू लागला. पेटी न्याल तेथे फोन! म्हणून २००५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कंपन्यांना १२० दिवसांची मुदत देऊन हुकूम काढला, की ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्या आणि ९११ च्या फोनबरोबर तो पोचवा. कॅनडानेही त्याच वर्षी असे नियम केले. परंतु बिऱ्हाड हलवताना माणूस दूधवाल्याला सांगतो, वाण्याची उधारी मिटवतो. फोनच्या कंपनीला कळवायचे कोणाच्या ध्यानात राहते?

कॅलगरीच्या घटनेच्याच वर्षी इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींनी एक पद्धत प्रसिद्ध केली. ठिकाण कळले, की हाक कोणत्या मदतकेंद्राकडे धाडायची हे ती सांगते. तिचे नाव 'लॉस्ट', म्हणजे हरवलेला! नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. पण मुळात ठिकाण कळायला तर हवे. २०१८ च्या अमेरिकन कायद्याने रस्त्याच्या पत्त्यावर न थांबता मजला आणि खोलीपर्यंतची माहिती पोचवण्याची दिशा घालून दिली. तरी फिरत्या यंत्राला आपले ठिकाण आपोआप उमगले नाही, तर ते अजूनही माणसालाच लिहून द्यावे लागते.