पंचांगातील ग्रहगणित

ग्रहांच्या गतीचे गणित महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगकर्त्यांनी जोपासले. परंपरेतील नवग्रहांपैकी सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह, तर राहू व केतू हे चंद्राची कक्षा आणि क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातील भासमान वार्षिक मार्ग, यांचे छेदनबिंदू आहेत. उरलेले बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हेच आधुनिक अर्थाने ग्रह ठरतात. गुरूची सूर्यप्रदक्षिणा सुमारे १२ वर्षांत पुरी होते, म्हणून तो सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. शनीला मात्र सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागत असल्याने तो एका राशीत सरासरी अडीच वर्षे राहतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचून हे गणित सुलभ केले. त्यांनी ज्या, म्हणजे त्रिकोणमितीतील साइन, वगळल्या आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले. त्यामुळे अहर्गण, म्हणजे आरंभदिनापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, लहान राहून गुणाकार-भागाकार आटोपशीर झाले.

काळाच्या ओघात गणित आणि प्रत्यक्ष वेध यांत अंतर पडू लागले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये अर्वाचीन युरोपीय ज्योतिषाच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. आकाशाशी जुळेल तेच गणित ग्राह्य, ही दृष्टी हाच या परंपरेचा खरा वारसा होय.