मासा पाणी कधी पितो?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पैसे खाणाऱ्या अधिकाऱ्यांना माशाची उपमा दिलेली आहे. पाण्यात वावरणाऱ्या माशाने पाणी कधी प्यायलं ते कुणाला दिसत नाही, तसंच या लोकांचं, असा तिचा मथितार्थ. उपमा इतकी चपखल, की मासा खरोखर पाणी पितो का, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही.

म्हैसूरच्या शामशास्त्रींनी हा ग्रंथ १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९३० साली, होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने माशाची चोरी पकडली! त्याने समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग मिसळला. काही वेळाने तो रंग माशांच्या आतड्यात दाट होऊन साठलेला सापडला. म्हणजे समुद्रातला मासा पाणी पितो. प्यावंच लागतं. समुद्राचं पाणी त्याच्या रक्ताच्या सुमारे तिप्पट खारट. ते त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढून घेतं.

नदीतल्या माशाचं सगळं उलट. बाहेर गोडं पाणी, आत खारट रक्त. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाणी न बोलावता आत शिरत राहतं. हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. उलट गळक्या होडीतल्या नावाड्यासारखं त्याचं मूत्रपिंड रात्रंदिवस पाणी उपसत असतं. पण उपसताना थोडं मीठही जातं, कल्ल्यांतूनही झिरपतं. ही तूट भरते कशी? काही अन्नातून, पण मासा उपाशी असेल तर?

याचं उत्तर कोपनहेगनच्या आउगुस्ट क्रोग यांनी १९३७ साली दिलं. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना १९२० सालीच नोबेल मिळालं होतं. म्हणजे आता आराम करायला हरकत नव्हती. पण ते गोल्डफिशच्या मागे लागले. मासे शुद्ध पाण्यात ठेवून त्यांच्या अंगातलं मीठ कमी केलं, मग त्यांना अगदी किंचित मीठ असलेल्या पाण्यात सोडलं. माशांनी तेवढंसं मीठही ओढून घेतलं. कुठून? क्रोग यांनी मधे पडदा घालून डोकं एका कप्प्यात आणि उरलेलं अंग दुसऱ्या कप्प्यात ठेवलं. मीठ कमी झालं ते डोक्याच्या बाजूचं. म्हणजे ज्या कल्ल्यांनी मासा श्वास घेतो, त्यांनीच तो मीठही वेचतो. हे आपोआप होत नाही, त्याला शक्ती खर्चावी लागते.

सुखात असलेल्या माणसाला आपण पाण्यातला मासा म्हणतो. पण त्या माशाला क्षणाचीही उसंत नाही. तोल राखणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे, हे मला त्याच्याकडे बघून पटतं.

आणि कौटिल्य? परंपरा त्याला पाटलीपुत्राचा, म्हणजे गंगाकाठचा मानते. त्याच्या डोळ्यांसमोरचा मासा गोड्या पाण्यातलाच असणार. बिचारा उगाच बदनाम झाला! आयतं घरात शिरलेलं तो परत करतो, आणि हवं ते कणाकणाने कमावतो. उपमा द्यायचीच तर प्रामाणिक कारकुनाला द्यावी.