पुस्तकबांधणी
मुद्रित वा हस्तलिखित पाने क्रमवार जुळवून, शिवून अथवा चिकटवून त्यांस संरक्षक आवरण घालण्याची क्रिया. महाराष्ट्रात या कलेचा प्रसार मुद्रणाबरोबर झाला. तत्पूर्वी पोथीची सुटी, आडवी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून फडक्यात गुंडाळीत. व्यापाऱ्यांच्या चोपड्या शिवलेल्या असत. ‘जिल्द’ हा शब्द फार्सीमार्गे आला; त्याचा मूळ अरबी अर्थ कातडे.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पुढे शिळाछापावर निघालेले अनेक धर्मग्रंथ पोथीच्या आकारातच, सुट्या पानांचे राहिले. छपाईच्या शाईत चरबीऐवजी तूप वापरीत, असे सांगतात. बांधणीचा सरसही जनावरांच्या कातड्याहाडांचाच. तेव्हा सुटी पोथी सोवळ्यास अधिक सोयीची वाटली असावी.

सर्वांत टिकाऊ पद्धती जुजबंदीची. छापील तावाच्या घड्या घालून बहुधा १६ पृष्ठांचा फर्मा करतात. प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवून शेजारच्या फर्म्यात गुंफतात. पाठीस सरस व विरळ विणीचे कापड लावून वर पुठ्ठा चढवितात. खळीस कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. असे पुस्तक सपाट उघडते आणि पुठ्ठा झिजल्यास पुन्हा बांधता येते. कागदाच्या तंतूंची दिशा मात्र पाठीशी समांतर हवी, अन्यथा पाने लहरतात.

नियतकालिकांस एवढा खर्च परवडत नाही. पातळ अंकास घडीतच तारेचे टाके घालतात. ‘मासिक मनोरंजना’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. अशा जाड अंकांस घडीतील टाका पुरत नाही. ते कडेने टोचतात किंवा पाठ खरवडून गरम गोंदाने चिकटवितात. कडेच्या टाक्याने अंक पुरता उघडत नाही; गोंद वाळून ठिसूळ झाला की पाने सुटतात. कडाव, कर्जत, खालापूर यांसारख्या सह्याद्रीपायथ्याच्या अतिपावसाच्या प्रदेशात तार गंजते व भोवतालचा कागद खाते. म्हणून तेथील ग्रंथालयांनी तारा काढून अंक दोऱ्याने शिवून घेणे इष्ट.

वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती निरुपयोगी समजून काढून टाकण्याची चाल मात्र घातक होय. जुन्या मराठी मासिकांच्या अनेक संचांत किंमत, मुद्रणस्थळ व प्रकाशनाचा महिना सापडत नाही, तो या चालीमुळे. कारण हा मजकूर बहुधा मुखपृष्ठावरच असे.