गव्हातील जस्त : जिवाणू खत आणि झिंक सल्फेट नेमके काय करतात?

जस्त म्हणजेच झिंक पिकाला अगदी थोडे लागते, पण त्यावाचून चालत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत अडचण अशी की, जस्त असूनही ते मुळांना मिळत नाही. जमिनीचा सामू एका अंकाने वाढला की विरघळणारे जस्त सुमारे शंभरपटीने घटते, आणि येथील बऱ्याच जमिनींचा सामू ८ च्या पुढे असतो. माती परीक्षणात उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आले, तर जमिनीत कमतरता मानतात. स्फुरदयुक्त खतांचा अतिवापरही जस्ताचे शोषण रोखतो.

येथे जिवाणूंचे काम सुरू होते. बॅसिलस, स्यूडोमोनास यांसारख्या जिवाणूंच्या काही जाती मुळांभोवती वाढतात, ग्लुकॉनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले सोडतात आणि अडकलेले जस्त मोकळे करतात. प्रयोगशाळेतील बशीत झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या थरावर या जिवाणूंभोवती स्वच्छ कडे उमटलेले दिसते. शेतात मात्र चुनखडी हे आम्ल लगेच मारून टाकते, म्हणून परिणाम मुळालगतच्या मातीपुरता राहतो. तेव्हा जिवाणू खत हे झिंक सल्फेटचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. पाकीट घेताना नाव वाचावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू जस्तही विरघळवतीलच असे नाही. बियाण्याला बुरशीनाशक आधी आणि जिवाणू नंतर लावावेत, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

खताच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. पेरणीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट जमिनीत दिले, तर कमतरता असलेल्या शेतात उत्पादन वाढते, पण दाण्यातील जस्त फारसे वाढेलच असे नाही. दाण्यासाठी फवारणी लागते, तीही ओंब्या बाहेर पडल्यावर आणि दाणे चिकात असताना. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि पाने करपू नयेत म्हणून २५ ग्रॅम चुन्याची निवळी, हे नेहमीचे प्रमाण. उशिराच्या फवारणीने दाण्यात जस्त भरते, हे तुर्कस्तानातील चुनखडीच्या जमिनींवरील संशोधनात ठळकपणे दिसले.

दुसरा मार्ग वाणाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हात जस्त ४०.३ पीपीएम आहे. सर्वसाधारण गव्हात ते २५ ते ३० च्या आसपास असते. पण जमिनीत जस्त अडकलेले असेल, तर चांगला वाणही उपाशीच राहतो.

फरक ताटात मोजता येतो. दिवसाला ३०० ग्रॅम कणीक खाणाऱ्याला २८ पीपीएमच्या गव्हातून साडेआठ मिलिग्रॅमच्या आत जस्त मिळते, ४० पीपीएमच्या गव्हातून १२. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम लागते. त्यातही कोंड्यातील फायटेट शरीराला पूर्ण जस्त शोषू देत नाही. मैदा करताना कोंडा काढला, तर बरेचसे जस्तच निघून जाते.

बाजारात भाव मात्र दाण्याचा आकार आणि चकाकी पाहून ठरतो. म्हणून फवारणीचा खर्च परवडत नसेल, तर निदान घरी खाण्यासाठी राखलेल्या वाफ्यांवर ती करावी.