टिंबर आणि घरधनीण

करमाळ्यात लाकडाच्या वखारीवर ‘टिंबर’ अशी पाटी असते. आपण समजतो, टिंबर म्हणजे लाकूड. पण हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घर, इमारत. पुढे घर ज्याचं बांधायचं ते लाकूड टिंबर झालं, आणि मग रानात उभं असलेलं इमारती झाडसुद्धा. जर्मन भाषेत याच शब्दाचं भावंड आहे ‘त्सिमर’. त्याचा अर्थ आजही खोली.

आपल्याकडेही लाकूड आणि घर एकमेकांना सोडत नाहीत. जुनं माळवदाचं घर आपण फुटात मोजत नव्हतो. पाच खणाचं, सात खणाचं म्हणायचो. लाकूड किती, त्यावर घर केवढं ते ठरायचं. संस्कृतात लाकडाला दारु म्हणतात, म्हणून देवदार म्हणजे देवाचं लाकूड. (बाटलीतली दारू वेगळी, ती फारसीतून आली. घर मोडणारी ती हीच!)

आता खरी गंमत. टिंबर ज्या प्राचीन धातूपासून निघाला, त्याच धातूचा शब्द ऋग्वेदात आहे : दम, म्हणजे घर. त्यावरून दंपती. लग्नपत्रिकेत आपण तो नुसता ‘जोडपं’ म्हणून छापतो, पण मूळ अर्थ घराचा धनी. दोघांना मिळून म्हटलं की घरधनी आणि घरधनीण. शब्दात दोघंही मालक आहेत. कागदावर?

माझी आत्या भीमाकाठच्या गावची. उजनीचं पाणी येणार म्हणून लोकांनी घरं उतरवली. भिंती मातीच्या, त्या तिथंच राहिल्या. तुळया, खांब, चौकटी बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणात त्यावरच पुन्हा घर उभं केलं. आत्यानं स्वतः किलच्या मोजून उतरवल्या होत्या. मामा गेले, आणि वर्षभरात दिरानं तुळया वखारीत विकल्या. आत्यानं विचारलं तर म्हणाला, वहिनी, तुमचं नाव आहे का कुठं?

नव्हतं.

1990च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. 2003 साली राज्य शासनानं निर्णय काढला, की ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं. आत्याला तो फार उशिरा आला. पण तुम्ही घराचा आठ नंबरचा उतारा कधी पाहिलाय का? बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापला घेऊन या. सगळ्याजणी मिळून वाचू.

आत्याकडं आता जुन्या घराचा फक्त उंबरठा आहे. सागवानी. वखारीत नेताना तिनं तो दिला नाही, त्यावर बसून राहिली.