ग्लुटेनविरहित अंडा नूडल्स : घरच्या घरी करण्याची पद्धत आणि घ्यावयाची काळजी

पंजाब आणि हरयाणा या दोन राज्यांची संयुक्त राजधानी असलेल्या चंदीगडमध्ये गव्हाची रोटी, पराठा आणि नान हा रोजच्या जेवणाचा आधार आहे. बाजारपेठांतील हातगाड्यांवर संध्याकाळी मिळणारी चाऊमीनही मैद्याचीच असते. याच शहरात सिलिअ‍ॅक या आजारामुळे गव्हाचा कणही न चालणारी मुले आणि मोठी माणसे राहतात. त्यांच्यासाठी नूडल्ससारखा साधा पदार्थही घरीच, आणि पूर्ण खबरदारी घेऊन करावा लागतो.

आजाराचे स्वरूप

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिअ‍ॅक आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा या प्रथिनाला प्रतिसाद देताना स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतील बाजूस असलेले, अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे त्यामुळे झिजतात. जुलाब, पोट फुगणे, रक्तक्षय आणि मुलांची वाढ खुंटणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. काही रुग्णांत मात्र पोटाची कोणतीही तक्रार नसते.

गहू आणि हा आजार यांचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे पावाचा तुटवडा पडला असताना आजारी मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती बिघडली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला.

भारतातील तीन विभागांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार या आजाराशी संबंधित प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला पोषक ठरणारी जनुके तिन्ही विभागांत सारख्याच प्रमाणात होती. गव्हाचा आहारातील वाटा मात्र उत्तरेत कितीतरी अधिक होता. चंदीगडच्या सेक्टर १२ मधील, १९६२ साली स्थापन झालेल्या स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजेच पीजीआयमध्ये, आसपासच्या राज्यांतून असे रुग्ण तपासणीसाठी येतात.

या आजारावर आजन्म ग्लुटेनविरहित आहार हाच उपचार आहे. मात्र रक्ततपासणी आणि आवश्यक तेथे आतड्याच्या नमुन्याची तपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये. तसे केल्यास तपासणीचा निष्कर्ष चुकीचा येऊ शकतो.

ग्लुटेनचे काम कोण करणार?

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते. त्यामुळेच कणीक ताणता येते आणि नूडल्स उकळत्या पाण्यात तुटत नाहीत. तांदळाच्या पिठीत हे जाळे नसते. कोकणातील शिरवाळ्यांसाठी म्हणूनच आधी पिठीची उकड काढतात आणि मग ती सोऱ्यातून दाबतात. अंडा नूडल्समध्ये ही उणीव दोन घटक भरून काढतात. अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठून पीठ बांधून ठेवतात आणि इसबगोलाची भुशी पाणी धरून ठेवून पिठाला चिवटपणा देते. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढ खुंटलेल्या मुलांच्या आहारात त्यांचा उपयोग होतो.

साहित्य (तीन जणांसाठी)

तांदळाची बारीक पिठी १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर किंवा शिंगाड्याचे पीठ ५० ग्रॅम, साधी इसबगोलाची भुशी १ मोठा चमचा, अंडी २ आणि आणखी एका अंड्याचा पिवळा बलक, तेल २ चहाचे चमचे, मीठ अर्धा चहाचा चमचा, लागेल तसे २ ते ४ मोठे चमचे कोमट पाणी.

कृती

इसबगोल मिक्सरमधून बारीक करावे. ते, दोन्ही पिठे आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. मध्यभागी खळगा करून त्यात फेटलेली अंडी, जादा बलक व तेल घालावे. थोडे थोडे पाणी घालत घट्ट पण मऊ गोळा मळावा. सुरुवातीस पीठ चिकट वाटले तरी लगेच जास्त पिठी घालू नये, कारण इसबगोल हळूहळू पाणी शोषून घेते. गोळा झाकून ३० मिनिटे ठेवावा. उन्हाळा असल्यास तो शीतकपाटात ठेवावा.

गोळ्याचे चार भाग करावेत. एक भाग लाटताना उरलेले भाग झाकून ठेवावेत, अन्यथा त्यांना भेगा पडतात. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पोळी दीड ते दोन मिलिमीटर जाडीची लाटावी. यापेक्षा पातळ लाटल्यास ती तुटते. वर पिठी भुरभुरून धारदार सुरीने अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या १५ मिनिटे पसरून ठेवाव्यात.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून मीठ घालावे. नूडल्स सुट्या करून सोडाव्यात आणि पहिले मिनिटभर ढवळू नयेत. दोन ते चार मिनिटांत त्या शिजतात. एक पट्टी चाखून मध्यभागी कच्ची पिठी लागत नाही याची खात्री करावी. निथळून लगेच थोडे तेल लावावे. न शिजवलेल्या नूडल्समध्ये कच्चे अंडे असल्याने त्या उन्हात वाळवून साठवू नयेत. शीतकपाटात एक दिवस, तर बर्फाच्या कप्प्यात सुमारे महिनाभर त्या टिकतात.

गहू कोठून शिरतो?

सारे साहित्य ग्लुटेनविरहित असूनही पदार्थ बाधू शकतो. याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पिठाची गिरणी. गहू दळलेल्या जात्यावर तांदूळ दळल्यास पिठीत गहू मिसळतो. म्हणून तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळणे अधिक सुरक्षित असते. तयार पीठ घेतल्यास त्यावरील ग्लुटेनविरहित असल्याचा उल्लेख पाहावा. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार २००८ पासून यासाठी एक किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन ही कमाल मर्यादा आहे.

लाकडी पोळपाट-लाटणे, चाळणी आणि झारा वेगळा ठेवावा. पोळ्यांच्या लाकडी पोळपाटाच्या चिरांत अडकलेले पीठ धुऊनही पूर्ण निघत नाही. नूडल्स परतताना सोया सॉस टाळावा, कारण तो बहुधा गहू घालून केलेला असतो. बाजारातील बांधानी हिंगातही अनेकदा मैदा असतो. त्याऐवजी आले, लसूण, मिरपूड आणि लिंबू यांनी चव आणता येते.

मुलाला शाळेत इतरांच्या डब्यातील घास का खाता येत नाही, हे त्याच्या शिक्षकांना व मित्रांना आधीच सांगून ठेवावे. एखादा घास खाऊन लगेच त्रास झाला नाही, तरी आतड्याला इजा होऊ शकते. त्यामुळे प्रकृती सुधारल्यानंतरही पथ्य सोडू नये आणि डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी.